नासलेल्या पिंपाचे शास्त्र

चंडीगढच्या सेक्टर ३९ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची एक प्रयोगशाळा आहे. सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था या नावाने ती ओळखली जाते. ही संस्था १९८४ साली स्थापन झाली आणि दोनच वर्षांनी, १९८६ साली, तेथे सूक्ष्मजीवांचा एक संग्रह उभारण्यास प्रारंभ झाला. या संग्रहात पाहण्यासारखे फारसे काही नाही. काचेच्या लहानलहान बंद कुप्या आणि त्यांच्या तळाशी चिमूटभर कोरडी भुकटी, एवढेच डोळ्यांना दिसते. परंतु ती भुकटी मृत नसते. जिवाणू, बुरशी, यीस्ट अशा निरनिराळ्या जीवांना आधी गोठवून व मग निर्वात अवस्थेत त्यांच्यातील पाणी काढून घेऊन तेथे निद्रिस्त ठेवलेले असते. पोषक द्रव मिळाला की ते पुन्हा जागे होतात. प्रत्येक जीवाला क्रमांक दिलेला असतो आणि तो कोठून आला याची नोंद ठेवलेली असते. २००२ साली या संग्रहाला बुडापेस्ट कराराखाली आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेला हा भारतातील पहिला संग्रह होय.

एखाद्या यीस्टला इतक्या काळजीने जपून ठेवण्याची गरज माणसाला का वाटली? या प्रश्नाचे उत्तर शोधत गेल्यास आपण एका अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे नासलेल्या बिअरच्या पिंपापाशी, येऊन पोहोचतो. बिअर करण्याची कला हजारो वर्षे जुनी आहे. तथापि ती का साधते आणि का बिघडते, हे कळून दीडशे वर्षांहून थोडाच अधिक काळ लोटला आहे. हे ज्ञान प्रामुख्याने चुकांमधून आले. आजही जो माणूस घरच्या घरी वीस लिटर बिअर तयार करतो, तो त्याच चुका त्याच क्रमाने करतो आणि जाणीवपूर्वक शिकला तर त्याच निष्कर्षांवर येतो.

घर, कायदा आणि प्रयोग

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. चंडीगढमध्ये पंजाब अबकारी कायदा, १९१४ लागू आहे. त्यानुसार परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियमान्वये स्थिती याहून वेगळी नाही. चंडीगढमध्ये परवाना घेऊन आपल्याच जागेत बिअर तयार करणारी उपाहारगृहे आहेत. परंतु तसा परवाना घरच्या स्वयंपाकघराला मिळत नाही. म्हणून पुढील विवेचनात जो घरगुती उत्पादक येतो, तो जेथे ही गोष्ट कायदेशीर आहे अशा देशांतील आहे, असे वाचकाने समजावे. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणाऱ्या परवान्याची अट १९६३ साली रद्द झाली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एका प्रौढ व्यक्तीस वर्षाला १०० गॅलन व एकाहून अधिक प्रौढ असलेल्या घरास २०० गॅलन इतकी बिअर स्वतःच्या वापरासाठी, न विकण्याच्या अटीवर, करमुक्त तयार करण्याची मुभा दिली. या दोन निर्णयांनंतर त्या देशांतील हजारो घरांत एक प्रकारची प्रयोगशाळाच सुरू झाली.

तिला प्रयोगशाळा म्हणण्याचे कारण असे की, कारखान्यात ज्या चुका यंत्रे आणि तज्ज्ञ मिळून झाकून टाकतात, त्या घरात उघड्या पडतात. आणि या चुकांचे शास्त्र केवळ बिअरपुरते मर्यादित नाही. दही, इडलीचे पीठ, पाव, शिरका, इतकेच नव्हे तर प्रतिजैविक औषधे, ही सर्व सूक्ष्मजीवांच्या साहाय्यानेच तयार होतात.

पिंपात काय घडते

बिअरचे मुख्य घटक चार: पाणी, सातू, हॉप नावाच्या वेलीची फुले आणि यीस्ट. सातू भिजवून त्याला मोड आणतात व मग वाळवतात. या धान्याला माल्ट म्हणतात. मोड येताना धान्यात विकरे तयार होतात. माल्ट भरडून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले म्हणजे ही विकरे धान्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. हा गोड काढा गाळून घेतात, हॉपची फुले घालून तासभर उकळतात आणि थंड करतात. त्यात यीस्ट घातले की उत्पादकाचे काम जवळजवळ संपते व यीस्टचे काम सुरू होते. यीस्ट साखर खाते आणि तिच्यापासून अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार करते. शंभर ग्रॅम साखरेपासून अल्कोहोल सुमारे पन्नास ग्रॅम मिळते व वायूही जवळजवळ तितकाच निघतो.

या साध्या वर्णनात एक महत्त्वाचे सत्य दडलेले आहे. बिअर माणूस करीत नाही, यीस्ट करते. माणूस केवळ परिस्थिती निर्माण करतो. सुतार रंधा चुकीचा फिरवतो तेव्हा चूक त्याला तत्काळ दिसते. पिंपाजवळच्या माणसाची चूक मात्र ती घडताना दिसत नाही. ती आठ दिवसांनी वासात, तीन आठवड्यांनी चवीत अथवा दोन महिन्यांनी फुटलेल्या बाटलीत प्रकट होते. तोपर्यंत त्या दिवशी आपण नेमके काय केले, हे तो विसरलेला असतो. चूक आणि तिचे फळ यांमधील हे अंतर हीच या विद्येतील खरी अडचण आहे.

पहिली चूक: स्वच्छ दिसते ते स्वच्छ असते ही समजूत

नवशिक्याची पहिली बिअर बहुधा आंबट होते. भांडे त्याने घासलेले असते, फडक्याने पुसलेले असते. आपण सर्व काही केले, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. दोष माल्टचा असेल, पाण्याचा असेल अथवा हवेचा असेल, असे तर्क तो करू लागतो.

नेमकी हीच स्थिती १८५६ साली फ्रान्समधील लील या गावच्या बिगो नावाच्या कारखानदाराची झाली होती. तो बीटच्या रसापासून अल्कोहोल तयार करीत असे. काही पिंपांत अल्कोहोल मिळेनासे झाले आणि आंबट, चिकट द्रव तेवढा उरू लागला. त्याचा मुलगा लुई पाश्चर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचा विद्यार्थी होता. पाश्चरने कारखान्यात जाऊन चांगल्या व बिघडलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या पिंपांतील द्रव तपासला. चांगल्या पिंपातील द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टचे गोलसर कण दिसले; बिघडलेल्या द्रवात त्यांहून कितीतरी लहान, निराळ्या आकाराचे जीव दिसले. पुढच्याच वर्षी त्याने दुधाच्या आंबण्याविषयीचा आपला निबंध सादर केला. किण्वनाचा प्रत्येक प्रकार विशिष्ट सूक्ष्मजीवामुळे घडतो, हा विचार त्यातून पुढे आला. पिंप आपोआप नासत नाही. ज्याला आपण बोलावले नव्हते असा दुसरा कोणी जीव तेथे येऊन साखर खाऊन जातो.

१८७१ साली पाश्चर लंडनमधील एका मोठ्या बिअर कारखान्यात गेला. तेथील यीस्ट त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात बाहेरचे जीव मिसळले असल्याचे व्यवस्थापकांना सांगितले. काही दिवसांनी तो पुन्हा तेथे गेला तेव्हा कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता. त्याचा बिअरविषयीचा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला.

घरगुती उत्पादकाला यातून मिळणारा धडा दुहेरी आहे. पहिला असा की, घासणे आणि निर्जंतुक करणे ही दोन भिन्न कामे आहेत. मळाचा थर शिल्लक असेल तर त्याखालच्या जंतूंपर्यंत औषध पोहोचत नाही. म्हणून आधी घासणे, मग निर्जंतुक करणे, हा क्रम चुकता कामा नये. दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. काढा तासभर उकळत असताना त्यात टिकणारे जंतू बहुतेक मरतात. म्हणजे उकळण्यापूर्वी वापरलेल्या पळीची फार चिंता करण्याचे कारण नाही. खरा धोका काढा थंड झाल्यानंतर सुरू होतो. त्यानंतर त्याला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे नळी, झाकण, तापमापक आणि माणसाचा हातही, संशयास्पद मानावी लागते. दुधाला विरजण लावताना कोमट दुधात उष्टा चमचा न घालणाऱ्या गृहिणीला हा नियम सांगावा लागत नाही.

दुसरी चूक: खोलीच्या तापमानाला पिंपाचे तापमान समजणे

दुसऱ्या वेळी बिअर आंबट होत नाही, पण तिला रंग काढण्याच्या द्रावणासारखा उग्र वास येतो आणि ती प्यायल्यावर डोके दुखते. स्वच्छता चोख होती. मग चुकले काय?

यीस्टला उष्णता आवडते. उष्ण जागी ते वेगाने वाढते. परंतु त्या घाईत ते साध्या अल्कोहोलबरोबर जड अल्कोहोले व उग्र वासाची अन्य द्रव्येही तयार करते. एल प्रकारच्या बिअरसाठी साधारणपणे १८ ते २२ अंश आणि लागर प्रकारासाठी ९ ते १३ अंश तापमान योग्य मानले जाते. येथे नवशिक्या फसतो. खोलीतील तापमापक २२ अंश दाखवीत असला तरी पिंपाच्या आत २२ अंश नसतात. कारण किण्वनातून स्वतःची उष्णता निर्माण होते आणि जोराच्या काळात आतील द्रव खोलीहून काही अंशांनी अधिक तापलेला असतो. तापमापक भिंतीवर नव्हे, पिंपाला चिकटवून लावला पाहिजे, एवढे कळण्यासाठी अनेकांना तीनचार पिंपे गमवावी लागतात.

चंडीगढच्या हवामानात ही गोष्ट किती कठीण आहे, याची कल्पना सहज येईल. मे-जूनमध्ये तेथील तापमान ४० अंशांच्या पुढे जाते व जानेवारीच्या रात्री ते ५ अंशांच्या आसपास उतरते. एकाच खोलीत, एकाच कृतीने, एकाच यीस्टपासून जूनमध्ये उग्र द्रव तयार होईल आणि जानेवारीत किण्वन सुरूच होणार नाही. पिंप पाण्याच्या टोपात ठेवून त्यावर ओले फडके गुंडाळण्याचा जुना उपाय जूनच्या कोरड्या हवेत माठाप्रमाणे उत्तम चालतो. परंतु जुलैत पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की पाण्याची वाफ होण्याचे प्रमाण घटते आणि तोच उपाय निकामी ठरतो. ज्याने जूनचे यश पाहून नियम बांधला, तो जुलैत पुन्हा चुकतो. उपाय का चालला हे ठाऊक नसेल तर यशही फसवे असते.

ही अडचण जुन्या उत्पादकांनी भूगोलाच्या साहाय्याने सोडवली. चंडीगढपासून सुमारे ६० किलोमीटरवर कसौली आहे. तेथे १८५५ साली एडवर्ड डायर या इंग्रजाने बिअरचा कारखाना काढला. पुढे सोलन येथेही कारखाना उभा राहिला. सपाटीवरील छावण्यांत बिअरला मागणी होती, तरी ती तयार करण्यासाठी डोंगरावर चढावे लागले, कारण थंड हवा आणि झऱ्यांचे पाणी तेथे होते. त्या काळी तापमान बदलता येत नसे, जागा तेवढी बदलता येई. १८७० नंतरच्या दशकात कार्ल फॉन लिंडे या जर्मन अभियंत्याने शीतकरणाची यंत्रे तयार केली. त्यांचे आरंभीचे ग्राहक बिअरचे कारखानेच होते. आज चंडीगढमधील उपाहारगृहाला डोंगर चढण्याची गरज नाही, ती या यंत्रामुळे.

तिसरी चूक: बुडबुड्यांवर विश्वास

किण्वनपात्राच्या झाकणात पाण्याची एक वाकडी नळी बसवतात. तिच्यातून आतील वायू बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत येत नाही. पहिले काही दिवस तेथे बुडबुडे एकसारखे येत राहतात, मग ते थांबतात. किण्वन संपले असे समजून नवशिक्या बाटल्या भरतो. बाटलीत फेस यावा म्हणून तो प्रत्येक लिटरमागे सहासात ग्रॅम साखर घालतो व बूच घट्ट लावतो. दोन आठवड्यांनी एका रात्री स्फोटाचा आवाज होतो आणि कपाटात काचांचा खच पडलेला दिसतो.

बुडबुडे थांबण्याची कारणे अनेक असू शकतात. झाकण नीट बसले नसेल तर वायू भलत्याच फटीतून निघून जातो. रात्री थंडी पडली तर यीस्ट मंदावते, पण साखर शिल्लकच असते. ती उरलेली साखर आणि नव्याने घातलेली साखर मिळून बंद बाटलीत जो वायू तयार करतात, त्याचा दाब काच सोसू शकत नाही. ही चूक बिअर नासण्यापुरती मर्यादित राहत नाही. तिच्यामुळे डोळा जाऊ शकतो.

यावर उपाय म्हणजे अंदाजाच्या जागी मोजमाप. हायड्रोमीटर नावाची काचेची तरती नळी द्रवात सोडली की द्रव पाण्यापेक्षा किती जड आहे, हे तिच्यावरील आकड्यावरून कळते. साखर असलेला काढा जड असतो. साखर संपत जाईल तसा तो हलका होतो. आरंभी १.०५० हा आकडा असेल आणि अखेरीस १.०१० वर येऊन स्थिरावला असेल, तर बिअरमध्ये आकारमानाने सुमारे पाच टक्के अल्कोहोल तयार झाले, असा हिशेब करता येतो. दोनतीन दिवस लागोपाठ मोजूनही आकडा तोच आला, तरच किण्वन संपले असे मानण्यास आधार मिळतो. आकडा अपेक्षेहून बराच वर अडकून राहिला असेल, तर त्या स्थिरतेवरही विसंबता येत नाही. यीस्ट केवळ दमलेले अथवा गारठलेले असू शकते.

परंतु साधनही चुकीचे वापरले जाऊ शकते. हायड्रोमीटर ठरावीक तापमानासाठी, बहुधा २० अंशांसाठी, आखलेला असतो. गरम काढ्यात तो सोडला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. मग उत्पादक काढा पातळ झाला असे समजून त्यात साखर वाढवतो आणि एका चुकीवर दुसरी चूक रचली जाते.

चौथी चूक: चुकीचे निदान

याहून अवघड चूक पुढे येते. समजा, एका खेपेस बिअरला औषधासारखा वास आला. पुढच्या खेपेस उत्पादकाने नवे यीस्ट आणले, माल्ट बदलला, भांडे बदलले व पिण्याचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मग वापरले. बिअर चांगली झाली. त्याला आनंद झाला. पण तो काहीही शिकला नाही. चारपैकी कोणत्या बदलाने दोष गेला, हे त्याला सांगता येणार नाही. बहुधा कारण पाण्यातील क्लोरीन असते. शहराच्या नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून मिसळलेला क्लोरीन माल्टमधील व हॉपमधील काही द्रव्यांशी संयोग पावतो आणि अत्यल्प प्रमाणातही जाणवेल असा औषधी वास निर्माण होतो. हे ज्याला कळले नाही, तो पुढील कित्येक वर्षे महागडे यीस्ट आणीत राहील.

उन्हाचे उदाहरणही असेच आहे. बिअरच्या बाटल्या खिडकीत ठेवल्या तर काही वेळातच तिला किळसवाणा वास येऊ लागतो. उष्णतेने बिअर बिघडली, असा तर्क होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हे काम प्रकाशाचे असते. हॉपमधील कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की त्यांचे विघटन होऊन गंधकयुक्त, दुर्गंधी संयुग तयार होते. म्हणूनच बिअरच्या बाटल्या बहुधा तपकिरी रंगाच्या असतात. थंड पण उजेडाच्या जागी ठेवलेली एक बाटली आणि तितक्याच थंड, अंधाऱ्या जागी ठेवलेली दुसरी बाटली यांची तुलना केली, तर उष्णता व प्रकाश यांतील अपराधी कोण, हे एका दिवसात ठरते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकी सर्व तशाच ठेवाव्यात, हा विज्ञानाचा नियम येथे हाताला लागतो.

तरीही एक शंका उरते. एका पिंपात फरक दिसला, तो केवळ योगायोग नसेल कशावरून? ही शंका डब्लिनच्या गिनेस कारखान्यातील विल्यम गॉसेट या तरुण रसायनशास्त्रज्ञाला सतावीत होती. कारखान्यातील प्रयोग महाग असत, त्यामुळे मोजमापे थोडीच मिळत. त्या काळचे संख्याशास्त्र मोठ्या संख्येवर आधारलेले होते. थोड्या निरीक्षणांवरून कितपत खात्रीने बोलता येते, याचे गणित गॉसेटने मांडले आणि १९०८ साली ‘स्टूडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले. आज शेतीपासून वैद्यकापर्यंत सर्वत्र वापरली जाणारी ही चाचणी बिअरच्या कारखान्यातून आलेली आहे. घरगुती उत्पादकाला गणित येत नसले तरी त्याचे सार त्याने ध्यानात ठेवावे: एका खेपेवरून नियम बांधू नये.

म्हणून अनुभवी उत्पादकाचे सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे त्याची वही. तीत तारीख, पाण्याचा उगम, धान्याचे वजन, काढ्याचे तापमान, हायड्रोमीटरचे आकडे, यीस्टचे नाव, पिंपाचे दररोजचे तापमान आणि अखेरची चव एवढे लिहिलेले असते. फळ तीन आठवड्यांनी मिळणार असेल, तर कारणाची आठवण माणसाच्या डोक्यावर सोपवून चालत नाही. आणि जे बिघडले तेही लिहावे लागते. फक्त यशाची नोंद असलेली वही अर्ध्याहून कमी उपयोगाची ठरते.

दोष कोणता आणि गुण कोणता

चंडीगढमध्ये व सर्व पंजाबात हिवाळ्यात कांजी नावाचे पेय करतात. काळ्या-जांभळ्या गाजरांच्या फोडी, मोहरीची पूड, मीठ आणि पाणी बरणीत भरून ती काही दिवस उन्हात ठेवतात. होळीच्या सुमारास घरोघरी हे आंबट, तिखट, गडद लाल पेय प्यायले जाते. येथे काम करतात ते लॅक्टिक अम्ल तयार करणारे जिवाणू. अशाच जिवाणूंनी बिगोच्या पिंपांचा घात केला होता. एका पिंपातील दोष तो दुसऱ्या बरणीतील गुण होतो. जे ऊन बिअरची बाटली नासवते, तेच कांजीच्या बरणीला ऊब देते. यावरून असे दिसते की सूक्ष्मजीव चांगले अथवा वाईट नसतात; आपण काय करू इच्छितो, यावर त्यांची निवड अवलंबून असते. बिअरविषयी सांगितलेले बहुतेक सर्व नियम कांजीच्या बरणीवर, कायद्याचा कोणताही अडसर न येता, पडताळून पाहता येतात. एकाच दिवशी भरलेल्या दोन बरण्यांपैकी एकीत मीठ निम्मे घालावे, बाकी सर्व सारखे ठेवावे आणि दररोज चव लिहून ठेवावी. प्रयोग म्हणजे काय, हे आठवड्याभरात कळेल.

अनपेक्षित परिणाम फेकून न देता त्याकडे पाहिल्यास काय मिळते, याचे एक विख्यात उदाहरण आहे. १८९७ च्या सुमारास एडुआर्ड बुखनर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ यीस्ट वाळूत चिरडून त्याचा रस काढीत होता. तो रस औषधी प्रयोगांसाठी हवा होता. तो टिकावा म्हणून, मुरांबा टिकवतात त्याप्रमाणे, त्यात भरपूर साखर घालण्यात आली. रस टिकण्याऐवजी त्यातून बुडबुडे येऊ लागले. टिकवण्याचा उपाय फसला. परंतु जिवंत पेशीविनाही किण्वन होऊ शकते, ते पेशीतील विकरांमुळे होते, हे त्या फसलेल्या उपायाने सिद्ध केले. १९०७ साली बुखनरला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जी चूक करून पाहायची नसते

तथापि चुकांपासून शिकावे या उपदेशालाही मर्यादा आहे. ज्या चुकीनंतर माणूसच उरत नाही, तिच्यापासून तो शिकू शकत नाही. किण्वन आणि ऊर्ध्वपातन यांत भेद केला पाहिजे. किण्वनात बिघाड झाला तर द्रव बहुधा आंबट वा दुर्गंधी होतो आणि माणूस तो ओतून देतो. चोरून गाळलेल्या अथवा औद्योगिक मेथिल अल्कोहोल मिसळलेल्या दारूची गोष्ट वेगळी आहे. मेथिल अल्कोहोल चवीवरून ओळखू येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक अम्ल होते, दृष्टी जाते व मृत्यू ओढवतो. २०२० सालच्या जुलैअखेरीस व ऑगस्टच्या आरंभी पंजाबच्या तरनतारन, अमृतसर व गुरदासपूर या जिल्ह्यांत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मे २०२५ मध्ये अमृतसर जिल्ह्यातील मजीठा भागात तशीच दुर्घटना पुन्हा घडली. अशा ठिकाणी वही, तुलना आणि सावधगिरी यांना जागा नाही. तेथे प्रयोग करूच नये, एवढाच एक नियम आहे.

पुन्हा कुपीकडे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. १८८३ साली कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग कारखान्याची बिअर अचानक बिघडली. तेथील प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन हा संशोधक काम करीत होता. स्वच्छतेत उणीव नव्हती, तापमान योग्य होते. हान्सेनला आढळले की कारखान्याचे यीस्ट हेच मुळी एकजिनसी नाही. चांगल्या यीस्टबरोबर त्यात रानटी यीस्ट मिसळले होते आणि दोन्ही दिसायला जवळजवळ सारखीच होती. त्याने द्रव इतका पातळ केला की एका थेंबात जेमतेम एक पेशी यावी. त्या एका पेशीपासून त्याने शुद्ध वंश वाढवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कारखान्यात शुद्ध यीस्टचा वापर सुरू झाला. कारखान्याचे संस्थापक जे. सी. याकोब्सेन यांनी ही पद्धत गुप्त ठेवली नाही; यीस्टही इतर उत्पादकांना दिले.

या घटनेपूर्वी प्रत्येक पिंपात कोणते यीस्ट आहे, हे कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. त्यामुळे एकच गोष्ट बदलावी हा नियम पाळणेही अशक्य होते. माणसाच्या नकळत यीस्टच बदलत असे. शुद्ध वंश हाती आल्यावर प्रथमच असे म्हणता आले की, यीस्ट तेच आहे, तेव्हा चूक आपली आहे. ती शोधणे त्यानंतरच शक्य झाले.

चंडीगढच्या संग्रहातील कुप्या हेच काम करतात. दहा वर्षांपूर्वी एखाद्या संशोधकाने जो जीव वापरला, तोच जीव आजच्या विद्यार्थ्याला तेथून मागवता येतो आणि जुना प्रयोग पुन्हा करून पाहता येतो. त्याचे फळ निराळे आले, तर कारण कुपीबाहेर शोधावे लागते: पाण्यात, तापमानात, भांड्यात किंवा करणाऱ्याच्या हातात. कुपीवर त्या जीवाचा क्रमांक लिहिलेला असतो. घरगुती उत्पादकाच्या वहीतील प्रत्येक पानावरही पिंपाचा क्रमांक असावा लागतो, तो याच कारणासाठी.